कललेलं स्टूल

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सहा महिने झाले असतील," धाकटा म्हणाला.

"दोन वर्षं," दाराजवळून आवाज आला.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. दाराला लागून ठेवलेल्या खुर्चीत साठीचा एक किडकिडीत माणूस बसला होता. धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, मांडीवर दुकानाचं कुलूप. कुलूप लावायचं सोडून ते हातातच घेऊन आला की काय, असं वाटावं. धाकट्याने मात्र वळून पाहिलं नाही. त्याचे कान तापले होते. तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकांशी बोलताना, रेडिओवर चिडताना, स्वतःशी पुटपुटताना तो रोज कानावर पडायचा. पण धाकट्याच्या बोलण्याला जोडून, त्याच्याविषयी, त्याच्या देखत तो आवाज आई गेल्यापासून आज पहिल्यांदा उमटला होता. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"तुम्ही कोण यांचे?"

"भाऊ. थोरला."

"दोन वर्षं कशावरून म्हणता?"

थोरल्याने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "डाव्या अंगावर बसतो हा. आधी एवढा नव्हता कलत, थोडासाच. मला वाटलं, स्टूल वाकडं झालंय. म्हणून मी स्टुलाचे उजवीकडचे पाय तासले. मग दोन-चार महिन्यांनी पुन्हा कलायला लागला. पुन्हा तासले."

आता मात्र धाकटा वळला. "तू तासलेस?"

"मग कोण तासणार?"

"आणि मी तिकडे भरत बसलोय! उजवीकडची गादी बसली, बसली म्हणून सारखा काथ्या कोंबतोय!"

डॉक्टरबाईंना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी टेबलावरच्या कागदावर दोन वर्षं असं लिहिलं आणि धाकट्याला तपासणीच्या पलंगावर पालथं झोपायला सांगितलं.

हे दोघे भाऊ खुर्च्या दुरुस्त करायचे. वडिलांचं दुकान होतं. थोरला लाकडाचं बघायचा, धाकटा गादीचं. थोरल्याचं बाक रस्त्याच्या बाजूला, धाकट्याचं स्टूल आतल्या बाजूला, आणि दोघांच्या पाठी एकमेकांकडे. ही मांडणी वडिलांनीच केलेली होती, कारण रंध्याचा भुसा गादीच्या कापडावर उडायला नको. दोघांची खरी नावं पंचक्रोशीत कुणाला आठवत नव्हती. वडील असताना गिऱ्हाइकं "थोरल्याला बोलवा", "धाकट्याला द्या" असं म्हणायची, तेच पुढे चालू राहिलं. थोरल्याची बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली, मूलबाळ नव्हतं. धाकट्याचं लग्न या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू म्हणता म्हणता राहून गेलं. थोरला दुकानामागच्या खोलीत राहायचा, धाकटा वरच्या माळ्यावर. दोन चुली, दोन दिवे.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा दवाखान्यातल्यांनी ऑपरेशन सांगितलं होतं. धाकटा त्या दिवशी कुठल्याशा सभागृहाच्या खुर्च्या बसवायला परगावी गेलेला. परत आला तर आई घरात, आपल्या खाटेवर. थोरल्याने तिला उचलून घरी आणली होती. आई महिनाभरात गेली. पोचवून आल्यावर, चार माणसं ओट्यावर बसलेली असताना, धाकटा थोरल्याला म्हणाला, "तू मारलीस तिला." थोरल्याने उत्तर दिलं नाही. धाकट्याने उत्तराची वाट पाहिली आणि मग तोही बोलायचा थांबला. सुरुवातीला हा अबोला रागाचा होता. पुढे राग केव्हा विटला ते कळलंही नाही, आणि अबोला मात्र घरातल्या जुन्या कपाटासारखा जागच्या जागी राहिला. हलवायचा कुणी आणि कशाला?

धंदा अडला नाही. गाद्या ठोकणारा माणूस बारीक खिळे ओठांत धरून काम करतो, त्यामुळे न बोलायला धाकट्याकडे आयतं निमित्त होतं. सांगाडा तयार झाला की थोरला त्यावर खडूने खूण करून मागे सरकवायचा. चौकोन म्हणजे घाई, गोल म्हणजे सावकाश. गिऱ्हाइकांची मात्र पंचाईत व्हायची. थोरला एखादीला म्हणायचा, "बाई, त्याला सांगा, मंगळवारपर्यंत व्हायला पाहिजे." ती बिचारी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या धाकट्याकडे वळून सांगायची, "मंगळवारपर्यंत व्हायला पाहिजे म्हणतात." धाकटा म्हणायचा, "त्यांना सांगा, होणार नाही." सवयीची गिऱ्हाइकं हसायची, नवी बावचळायची.

दुखणं आलं ते असं चोरपावलांनी. बसलं की माकडहाडाच्या वर, जरा उजवीकडे, काहीतरी ठुसठुसायचं. गादीवाल्याला बसायला त्रास झाला की तो गादी उसवतो, दुसरं काय करणार? धाकट्याने आपल्याच स्टुलाची गादी उसवली, भरण पिंजलं, उजवीकडे काथ्याचा एक थर वाढवला. चार दिवस बरं वाटलं, किंवा वाटलं असं त्याने धरलं. मागे बसलेल्या सुताराने स्टुलाचे पाय तासले. एकाने वाढवायचं, दुसऱ्याने कापायचं, आणि या दोघांच्या मध्ये माणूस दुखतोय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोघेही आयुष्यभर बसणाऱ्यांचा त्रास खुर्चीत शोधत आलेले. त्यांची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची ती खुर्ची घेऊन, दुखणं घेऊन नव्हे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "बैठं काम, व्हायचंच," म्हणाले. एक्स-रेच्या फोटोत काही दिसलं नाही. पुढे पोट साफ होईना, उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा त्यांनी नीट तपासलं आणि हातमोजा काढता काढता गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात आले. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या याच दोघांनी केलेल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांनी खुर्च्यांचं नाव काढलं नाही.

"आत गाठ लागतेय हाताला. मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं. आणि एकट्याने जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या," ते धाकट्याला म्हणाले.

मागे रंधा चालायचा थांबला. डॉक्टर गेल्यावरही तो बराच वेळ चालला नाही.

कुणाला न्यावं? धाकट्याने रात्रभर डोक्यात माणसं फिरवून पाहिली. ओळखीचे पुष्कळ होते. हक्काने सांगावं असं कुणी सापडेना. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे असं एकाएकी कळावं, याचं त्याला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. सकाळी तो माळ्यावरून उतरला तर दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि थोरला धुतलेला शर्ट घालून रस्त्यावर उभा होता. हातात कुलूप.  धाकटा निघाला, आणि थोरला दहा पावलं मागे ठेवून त्याच्या मागोमाग बसपर्यंत चालत आला.

डॉक्टरबाईंनी पलंगाजवळ वाकून बराच वेळ तपासलं. कंबरेखाली त्वचा नुसती किंचित उचललेली दिसत होती.

"बाहेरूनही दिसतंय थोडं. घरात कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" त्या सहज बोलून गेल्या.

आपली पाठ बघणारं घरात कुणी नाही, हे सांगायला कितीसे शब्द लागतात? पण धाकट्याच्या तोंडून ते निघेनात. तो उशीत तोंड घालून पडून राहिला. दाराजवळ कुलूप वाजलं.

मग तपासण्यांचं चक्र सुरू झालं. लांबलचक नळीच्या मशीनमध्ये पडून तो ठकठक ऐकत राहिला. त्यानंतर सुईने गाठीचा तुकडा काढायचा होता. डॉक्टरबाईंनी स्वतः उभं राहून सुई कुठून घालायची ते ठरवलं, पाठीच्या बरोबर मध्यावरून, आणि त्या जागी शाईचा ठिपका काढून ठेवला.

"पुढे ऑपरेशन करायची वेळ आली, तर सुई गेली ती वाटसुद्धा गाठीबरोबर काढायची असते," त्या म्हणाल्या. "त्या वाटेत गाठीचा कण सांडलेला असू शकतो. आधी कुणी गळू समजून चिरा दिला नाही, हे नशीब समजा."

रिपोर्टाला दिवस लागले. एका तज्ज्ञाने पाहिलं, मग दुसऱ्याकडे त्या तुकड्याच्या काचा पाठवल्या. दोघे भाऊ दुकानात पाठीला पाठ लावून बसत होते आणि अजूनही बोलत नव्हते. हॉस्पिटलात बोलले ते जणू हॉस्पिटलातच राहिलं. धाकट्याच्या स्टुलाजवळ फक्त एक बदल झाला. एका सकाळी तिथे छातीपर्यंत उंचीचं नवं बाक उभं होतं, उभ्याने काम करता यावं म्हणून. त्यावर खडूची खूण नव्हती. धाकट्याने त्यावर हात फिरवून पाहिला आणि उभा राहून काम सुरू केलं.

रिपोर्टाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसायला सांगितलं. धाकटा उभाच राहिला.

"याला कॉर्डोमा म्हणतात," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच आहे, पण फार क्वचित होणारा. दहा लाखांत एखाद्याला होतो. मीच एवढ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत."

"आमच्याच वाट्याला बरा आला," धाकटा म्हणाला.

"बसून बसून झाला का हा?" थोरल्याने विचारलं. "मी स्टुलाचे पाय तासले त्यामुळे?"

"नाही हो काका. बसण्याशी काही संबंध नाही. आईच्या पोटात मूल असतं ना, तेव्हा मणका बनायच्या आधी तिथे एक दोरी असते. तिच्याभोवती मणका बनतो आणि दोरी विरून जाते. काही जणांत तिचा थोडा तुकडा उरतो. उरला तरी बहुतेकांना काही होत नाही. यांच्या बाबतीत तो वाढायला लागला. का, ते कुणालाच माहीत नाही."

थोरल्याने सुस्कारा सोडला. त्याच्या मनावर इतके दिवस काय होतं ते धाकट्याला तेव्हा कळलं, आणि आपण हे विचारायला हवं होतं असंही वाटून गेलं.

डॉक्टरबाई पुढचं सांगताना सावकाश बोलल्या. नेहमीची कॅन्सरची औषधं याला दाद देत नाहीत. गाठ मोठी आहे, नुसत्या किरणांनी भागणार नाही. ती अख्खी काढावी लागेल, न फोडता, भोवतीच्या चांगल्या हाडामांसासकट. फुटली तर सांडते आणि सांडेल तिथे पुन्हा उगवते.

"पण त्या हाडातूनच नसा जातात," त्या म्हणाल्या. "खालच्या सगळ्या कापाव्या लागतील. मी लपवत नाही. लघवीवर, संडासावर ताबा राहणार नाही. नळी घालून लघवी काढायला शिकावं लागेल, रोज, जन्मभर. बसायची जागा बधिर होईल. चालता येईल, उजवा पाय थोडा ओढत. काही आठवडे पालथं नाहीतर कुशीवर पडून राहायचं, बसायचं नाही."

"आणि नाही केलं तर?"

"ही हळू वाढते. काही वर्षं जातील. पण थांबत नाही ती, आणि शेवटची वर्षं फार वाईट असतात. तेव्हा हा ताबा तसाही जाणार आहे." त्या थांबल्या. "घाई नाही, पण उशीरही नको. विचार करून सांगा. आणि ऑपरेशननंतर घरी कोण असेल ते मला आत्ता कळायला हवं. एकट्या माणसाचं हे काम नाही."

 धाकटा भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत होता.

"मी आहे," थोरला म्हणाला.

त्या संध्याकाळी दुकान उघडं होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. थोरला एका खुर्चीच्या पाठीच्या दांड्याला रंधा मारत होता. धाकटा बाकाजवळ उभा होता, ओठांत खिळे. समोर सोफ्याचा सांगाडा होता आणि कापड अर्धं ताणून झालेलं होतं. त्याने एकेक खिळा ओठांतून काढून डबीत टाकला. तोंड रिकामं केल्यावर तो वळला. थोरल्याची पाठ त्याने इतकी वर्षं मागे असूनही कधी नीट पाहिली नव्हती. ती चांगलीच वाकलेली होती.

"आईला विचारलं होतंस का तू?"

रंधा थांबला.

"घरी आणलीस तिला. तिला विचारलं होतंस का, ऑपरेशन करायचं का म्हणून?"

"नाही," थोरला म्हणाला. त्याने मान वळवली नव्हती.

"का?"

"ती हो म्हणाली असती."

धाकट्याने खिळ्यांच्या डबीचं झाकण लावलं.

"तुझ्यासाठी हो म्हणाली असती ती. तुझं लग्न बघायचं होतं तिला," थोरला म्हणाला. "आणि आत गेली आणि बाहेर आलीच नाही तर? आमची ही अशीच गेली होती. सकाळी हसत आत गेली. मला पुन्हा त्या दारापाशी बसायचं नव्हतं. घाबरलो मी. दुसरं काही नाही रे. घाबरलो."

नऊ वर्षं धाकट्याने या उत्तराशी मनातल्या मनात भांडण मांडून ठेवलं होतं. थोरला खर्चाचं सांगेल, वयाचं सांगेल, डॉक्टरांवर ढकलेल, आणि मग आपण असं म्हणू, तसं म्हणू. सगळी उत्तरं तयार होती. घाबरलो याला काय उत्तर देणार? तो स्वतःही दुपारपासून घाबरलेलाच होता. आणि तरीही आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला तेव्हा त्याला थोरल्याचा रागच आला. भीतीने राग संपत नाही, हेही त्याला त्या क्षणी कळलं.

"मला विचार," तो म्हणाला.

"काय?"

"आईला विचारलं नाहीस ना? मला विचार."

थोरल्याने रंधा बाजूला ठेवला. कपड्यावरचा भुसा झटकला. मग पूर्ण वळून बसला. 

"करायचं का तुला ऑपरेशन?"

धाकट्याला वाटलं होतं आपण झटकन हो म्हणून टाकू. पण हो बाहेर येईना. त्याच्या डोळ्यांपुढे नळी आली, चादरी आल्या, चादरी बदलणारे हात आले. ते हात कुणाचे, तेही समोरच दिसत होते. ज्याच्याशी आपण शब्दाने बोललो नाही, त्याच्यासमोर उघडं पडायचं! त्यापेक्षा माळ्यावर पडून संपलेलं काय वाईट? रस्त्यावरून दोन बायका बोलत गेल्या. थोरला वाट बघत होता. त्याने मधे तोंड घातलं नाही, सुचवलं नाही, घसा खाकरलासुद्धा नाही.

"दारापाशी बसशील?" धाकट्याने शेवटी विचारलं.

"बसेन."

"मग करायचं."

ऑपरेशन दिवसभर चाललं. थोरला दारापाशी बसला होता. शेजारच्या बाकावरची माणसं बदलली, पुन्हा बदलली. कुणीतरी त्याला चहा आणून दिला, तो हातातच गार झाला. संध्याकाळी डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अख्खी निघाली." थोरल्याला उठताच येईना. त्याचे दोन्ही पाय झोपले होते.

पुढचे आठवडे धाकट्याने जग खालून पाहिलं. पालथं पडायचं, मान एका बाजूला. दिसायची ती फरशी, पलंगाचा लोखंडी पाय आणि थोरल्याच्या चपला. चपलांवरून त्याला कळायला लागलं, थोरला आत्ता आला, आत्ता कंटाळला, आत्ता सिस्टरांच्या बोलण्याने बावरला. कुशीवर वळवायचं असलं की तिघे लागायचे. "ओंडका वळवतात तसं हां, सगळं एकदम, मधे पीळ द्यायचा नाही," सिस्टर सांगायची. थोरला म्हणायचा, "तेवढं येतं मला."

बोलायला आता आडकाठी नव्हती, पण गंमत अशी की बोलायलाच काही नव्हतं. नऊ वर्षांत दोघांनी एकच रस्ता पाहिलेला, तीच गिऱ्हाइकं ऐकलेली. काय नवीन सांगणार?

"शाळेच्या खुर्च्या आल्यात," थोरला म्हणायचा.

"किती?"

"बऱ्याच."

 शेजारच्या पलंगावर भेटायला माणसांची रीघ लागलेली असायची, मुलं खिडकीवर चढायची, हसणं चालायचं. धाकटा फरशीवरच्या फटी बघत पडून राहायचा. एकटेपण तसंच होतं, फक्त आता ते दोघांचं होतं.

पहिल्यांदा चादर खराब झाली ती दुपारी. धाकट्याला ते कळलंच नाही. वासावरून कळलं. त्याने डोळे मिटून घेतले. चपला पलंगाजवळ आल्या.

"आया येऊ दे," धाकटा म्हणाला.

"ती दुसऱ्या मजल्यावर गेलीय."

"येईल. थांब तोवर."

"आणि तोवर तू असाच पडणार? सरक."

"हात लावू नकोस मला!"

तो ओरडला तशी शेजारच्या पलंगावरची माणसं गप्प झाली.  मग बादली सरकल्याचा आवाज आला, पाणी पिळल्याचा आवाज आला. धाकट्याने उशीचा कोपरा दातांत धरला. त्याला मरणाची लाज वाटत होती. थोरला या कामात अनाडी होता. पाणी फार घ्यायचा, फडकं दोनदा खाली पडलं. पण तो एक शब्द बोलला नाही, आणि जन्मात पहिल्यांदा धाकट्याला त्याचं न बोलणं बरं वाटलं.

नळी घालायला मात्र धाकटा स्वतः शिकला. सिस्टर म्हणाली, "काकांनाही दाखवून ठेवू का?" तेव्हा तो ठाम म्हणाला, "नाही. हे माझं मी करणार. त्यांना बाहेर पाठवा." पडदा ओढला गेला. चुकत, रडकुंडीला येत, कुशीवर पडल्या पडल्या आरसा धरून तो शिकला. चौथ्या दिवशी सिस्टरने मदत न करता नुसतं पाहिलं आणि "छान" म्हणाली. गादी ठोकायला शिकला होता तेव्हा वडील म्हणाले होते, त्यानंतर कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ होत्या. डॉक्टरबाई पलंगापाशी वाकून म्हणाल्या, "सुटलात असं म्हणणार नाही मी. ही परत येऊ शकते. दर काही महिन्यांनी दाखवायचं, कित्येक वर्षं. पण आज तरी आत काही उरलेलं नाही." धाकट्याने मान हलवली. त्याला आनंद झाला की नाही हे त्याला नीट ठरवता येईना.

घरी जायच्या दिवशी सकाळी सिस्टरने थोरल्याला पलंगाच्या या बाजूला बोलावलं. जखम आता सुकली होती, पट्टी निघाली होती.

"हे नीट ऐका काका. त्यांना इथे काही कळत नाही. टोचलं, भाजलं, घासलं, काही कळणार नाही. त्यामुळे रोज आंघोळीनंतर तुम्ही बघायचं. उजेडात. कुठे लाल झालंय का, कातडी गरम लागतेय का. हाताने बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. जरा जरी शंका आली तर घेऊन यायचं. कळलं ना?"

"रोज बघायचं," थोरला म्हणाला.

"आत्ता बघा बरं माझ्यासमोर. दाखवा कसं बघणार ते."

धाकटा पालथा पडून होता. खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. सिस्टरला कुणीतरी हाक मारली तशी ती "आलेच" म्हणून गेली, तिच्या बुटांचा आवाज दूर गेला. चपला तिथेच होत्या, पलंगाला अगदी लागून. धाकटा वाट बघत राहिला. काहीच होईना.

"काय झालं? बघतोयस ना?" त्याने विचारलं.

"बघतोय."

"हाताने बघ म्हणाली ती. हात लाव."

"लावलाय," थोरला म्हणाला.

धाकट्याने श्वास रोखून पाहिलं. सगळं लक्ष तिथे नेलं. कंबरेपर्यंत त्याला चादरीचा गारवा कळत होता, आणि तिच्या खाली, बसायच्या जागी, काही नव्हतं.

"मला कळत नाही रे," तो म्हणाला.

वॉर्डात कुणीतरी ताटं गोळा करत होतं. थोरल्याच्या चपला हलल्या नाहीत.

"गरम नाही लागत कुठे. ठीक आहे सगळं," थोड्या वेळाने थोरला म्हणाला. मग विचारलं, "काढू का हात?"

"नको," धाकटा म्हणाला. "राहू दे."